तुमच्या मैदानावर उभ्या असलेल्यांबद्दल

महाराष्ट्रातले क्रीडासंघटक, स्पर्धांचे आयोजक आणि त्यांना दरवर्षी विद्यार्थी पुरवणारी महाविद्यालये यांना,



दिवाळी सरली की तुमचा मोसम सुरू होतो. मॅरेथॉन, सायकल शर्यती, कबड्डी-खोखोच्या राज्य स्पर्धा आणि अधूनमधून एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. त्याच सुमारास कॉलेजांच्या सूचनाफलकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक मजकूर फिरू लागतो: स्वयंसेवक पाहिजेत, टी-शर्ट, नाश्ता आणि प्रमाणपत्र मिळेल. काम काय, तास किती, हाताखाली कोणाच्या, अडचण आली तर विचारायचं कोणाला, यातलं काहीच त्यात नसतं. गेली काही वर्षं मी तो मजकूर वाचते आहे, बऱ्याचदा त्याला ओ देऊन गेलेही आहे. त्यातून मनात साचलेलं आज तुमच्यापुढे ठेवते.

मला बोलायला आधार आहे तो २०१२ सालच्या लंडन ऑलिम्पिकचा आणि त्यापाठोपाठ झालेल्या पॅरालिम्पिकचा. नोकरीमुळे तेव्हा आम्ही लंडनच्या वायव्य भागात राहत होतो आणि दोन्ही स्पर्धांत मी स्वयंसेवक होते. एक्सेल या प्रदर्शन केंद्राच्या अवाढव्य दालनांमध्ये बॉक्सिंग, कुस्ती, ज्युदो, टेबल टेनिस, वेटलिफ्टिंग, तलवारबाजी आणि तायक्वांदो असे सात खेळ एका छपराखाली चालत. माझं काम प्रेक्षकांशी होतं. तिकीट बघायचं, जागा दाखवायची, चुकलेल्याला वाट सांगायची, जिना चढता न येणाऱ्यासाठी चाकाची खुर्ची मागवायची. अगदी साधं काम. म्हणूनच ते तुम्हाला सांगण्यासारखं आहे, कारण तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला हेच येतं.

‘तिकडची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे पैसा आहे,’ हे वाक्य मी तुमच्या बैठकांत इतक्यांदा ऐकलं आहे की आधी पैशाचंच सांगून टाकते. आम्हाला मानधन नव्हतं. राहायची सोय ज्याची त्याने करायची होती. बाहेरगावचे लोक नातेवाइकांकडे उतरले, ओळखीपाळखीच्यांच्या बैठकीत झोपले. मी कचेरीतून रजा काढली. मिळालं ते एवढंच: जांभळा-लाल गणवेश, कामाच्या दिवशी शहरात फिरायला प्रवासाचं कार्ड आणि पाळीत एक गरम जेवण. तुम्हीही साधारण एवढं देता. फरक होता तो स्पर्धा सुरू होण्याआधीच्या दीड-दोन वर्षांत.

सप्टेंबर २०१० मध्ये अर्ज मागवले गेले. सुमारे २,४०,००० लोकांनी अर्ज केले, त्यातून ७०,००० निवडले. मला समोर बसवून मुलाखत घेतली गेली, आणि मुलाखत घेणाऱ्या बाईही स्वयंसेवकच होत्या. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. रागावलेल्या माणसाशी तुम्ही शेवटचं कधी बोललात आणि तेव्हा काय केलंत, हे विचारलं. मी लोकलमधल्या एका भांडणाची हकिगत सांगितली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. त्यानंतर २०१२ च्या फेब्रुवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, वेम्बली अरेनात पहिलं प्रशिक्षण झालं. (याच अरेनात ऑगस्टमध्ये सायना नेहवालने ब्राँझपदक मिळवलं. पुण्यातल्या २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी तीच सायना. ही साखळी आम्ही पुणेकर फार लवकर विसरलो.) दुसरं प्रशिक्षण ज्याच्या-त्याच्या कामाचं होतं. तिसरं प्रत्यक्ष जागेवर.

या तिसऱ्या प्रशिक्षणाबद्दल मी तुमच्याशी तासभर बोलू शकेन. आमच्या गटाला एक्सेलमधून पायी फिरवलं. प्रत्येक दालनापाशी थांबवून विचारत: इथून बाहेर पडायचा सर्वांत जवळचा दरवाजा कोणता? प्रथमोपचाराची खोली? पिण्याचं पाणी? अपंगांचं स्वच्छतागृह? मूल हरवलं तर निरोप कोणाला द्यायचा, आणि निरोप पोचेपर्यंत मुलाजवळ कोण थांबणार? उत्तर येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. खिशात मावेल अशी एक पुस्तिका दिली होती. पुढे स्पर्धेच्या दिवसांत दर पाळीच्या सुरुवातीला सगळ्यांना गोल उभं करून सांगत: आज कोणत्या लढती आहेत, गर्दी केव्हा लोटेल, कस्टम हाउस आणि प्रिन्स रीजंट या दोन स्थानकांपैकी कुठे तुंबेल, काल काय चुकलं. एक नियम तर रोज उगाळला जाई. माहीत नसेल तर अंदाजाने सांगू नका, विचारून या आणि त्याच माणसाकडे परत जा.

या सगळ्यामुळे काय होतं, तर माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळतं. महिलांचं बॉक्सिंग त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं होतं. ८ ऑगस्टला मेरी कोमची उपांत्य लढत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सशी होती. दालन ब्रिटिश प्रेक्षकांनी खचाखच भरलेलं. माझी जागा एका मार्गिकेच्या तोंडाशी, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ रिंगकडे. आमच्या कामात खेळ बघायचा नसतो. ती लढत मी माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिली. मेरी ६–११ अशी हरली. दालन अ‍ॅडम्सच्या नावाने दणाणत असताना माझ्यासमोरच्या रांगेतल्या एका भारतीय कुटुंबातली लहान मुलगी तिरंगा मांडीवर घडी करून ठेवत होती. मागच्या रांगेतल्या इंग्रज गृहस्थांनी वाकून तिला सांगितलं की तुमची खेळाडू दोन मुलांची आई आहे आणि इथवर आली आहे, झेंडा खाली ठेवू नकोस. मला त्या क्षणी काहीच करायचं नव्हतं. पण ही माणसं नीट, वेळेवर, भांडण न होता आपापल्या जागी बसली होती, त्यात माझा वाटा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. ही जाणीव तुम्ही तुमच्या मुलांना द्यावी, एवढ्यासाठी हे सारं लिहिते आहे.

आता माझ्या तक्रारी.

गेल्या मोसमात एका शहरातल्या मॅरेथॉनमध्ये मी पाण्याच्या टेबलावर होते. पलीकडच्या वळणावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या चार मुली होत्या. पहाटे साडेतीनला त्यांना बसमधून आणून सोडलेलं. हातात झेंडी, गळ्यात ओळखपत्र, ओळखपत्राच्या मागे प्रायोजकांची नावं. फोन नंबर एकही नाही. ऊन चढल्यावर एक मध्यमवयीन धावपटू त्या वळणावर कोसळले. चौघींपैकी एक रुग्णवाहिका शोधत रस्त्याने उलट्या दिशेने धावत सुटली. रुग्णवाहिका पुढच्याच चौकात, दुसऱ्या अंगाला उभी होती. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. शर्यतीत धावणाऱ्या एका डॉक्टरांनी थांबून त्या गृहस्थांना सावरलं आणि ते बचावले. मुलगी परत आली तेव्हा तिचे हात थरथरत होते, आणि जागा सोडून गेल्याबद्दल एक पदाधिकारी तिला सर्वांदेखत झापत होता.

त्या दिवसाचा माझा राग अजून उतरलेला नाही. त्या मुलीने तिच्या बुद्धीला सुचलं ते सगळं केलं. जे करायचं राहिलं होतं ते तिला तिथे उभं करणाऱ्यांनी करायचं होतं. एका कागदावर रस्त्याचा नकाशा, त्यावर ती उभी आहे त्या जागेची खूण, जवळची रुग्णवाहिका, जवळचं स्वच्छतागृह आणि चार फोन नंबर, तेही मराठीत. आदल्या दिवशी तासभर त्या रस्त्याने पायी चालणं. याला छपाईचा खर्च सोडला तर काय लागतं? ज्या स्पर्धेच्या फलकांवर आणि मंडपावर लाखो रुपये उधळलेले दिसतात, तिथे या कागदासाठी पैसे नव्हते हे मी मानणार नाही. त्याचा विचारच झाला नव्हता.

दुसरी तक्रार महाविद्यालयांकडे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचं असतं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ही योजना सुरू झाली ती विद्यार्थ्यांनी समाजात मिसळावं, लोकांच्या अडचणी डोळ्यांनी पाहाव्यात म्हणून. आज त्यातले कित्येक तास खासगी स्पर्धांच्या कठड्यांपाशी उभं राहून भरले जातात. आयोजकाचा फोन येतो, कार्यक्रम अधिकारी यादी करतात, न येणाऱ्याला गुणांची नाहीतर हजेरीची भीती घातली जाते. प्राचार्यांनो, माझी विनंती आहे की पुढच्या वेळी असा फोन आला तर तीन गोष्टी विचारा. मुलांना काम काय शिकवणार? त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी लेखी कोण घेणार? आणि ज्याला यायचं नाही त्याला तोटा होणार नाही ना? या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर मुलं पाठवू नका. जबरदस्तीने आणलेल्या पन्नास मुलांपेक्षा हौसेने आलेली पंधरा मुलं स्पर्धा अधिक चांगली सांभाळतात, हे कोणत्याही अनुभवी संघटकाला विचारा.

हौसेने आलेलेही निघून जातात, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेसाठी सुमारे २२,००० स्वयंसेवक निवडले होते. स्पर्धा तोंडावर आली असताना त्यातल्या जवळपास १०,००० जणांनी काम सोडलं. प्रशिक्षण अपुरं होतं, आणि दिलेलं काम मनासारखं नव्हतं, अशी कारणं तेव्हा पुढे आली. काहींनी गणवेश परत केले नाहीत म्हणून वर्तमानपत्रांत त्यांची छी:थू झाली. तरुण पिढीला जबाबदारी नको असते, असं तेव्हा घराघरांत बोललं गेलं आणि अजून बोललं जातं. मला ते पटत नाही. इतकी माणसं एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून निघून जातात तेव्हा त्यांच्या स्वभावाकडे नव्हे, त्या ठिकाणाकडे बघायचं असतं.

मुलींबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण तुमच्या बैठकांत या विषयावर सगळे घसा खाकरतात. सहा-सात तास उभ्या असलेल्या मुलीला स्वच्छतागृह लागतं. पाळी आलेली असेल तर ते लवकर आणि स्वच्छ लागतं. अनेक ठिकाणी मुली स्वच्छतागृहाला जावं लागू नये म्हणून पहाटेपासून पाणीच पीत नाहीत; पाण्याच्या टेबलावर उभ्या राहून, दुसऱ्यांना पाण्याचे पेले देत. हे मला त्यांनीच सांगितलं आहे. बक्षीस समारंभ लांबतो, पाहुणे उशिरा येतात, आणि रात्री दहाला मैदानाबाहेर रिक्षाची वाट बघत त्याच मुली उभ्या असतात. पाहुण्यांच्या गाड्या तोवर गेलेल्या असतात. मुलगी घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय तुमच्या यादीतल्या तिच्या नावापुढे खूण करू नका. ही मागणी आहे, विनंती नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगते. मान्यवरांच्या तंबूत उरलेलं खाणं दुपारी स्वयंसेवकांकडे पाठवण्याची पद्धत बंद करा. आधी यांची ताटं मोजा.

वयाबद्दल. स्वयंसेवक म्हणजे कॉलेजचा विद्यार्थी, हे तुम्ही का ठरवून टाकलं आहे? माझ्या गटात एक निवृत्त बसचालक होते, एक शाळामास्तर, कायद्याची एक विद्यार्थिनी आणि सत्तरी उलटलेल्या एक आजी, ज्यांच्यापुढे गर्दी आपोआप शिस्तीत उभी राही. एक तरुण ऐकू न येणारा होता. त्याच्याकडे येणाऱ्याला तो चेहरा वाचून दुरूनच ओळखायचा. आपल्याकडे एसटीचे निवृत्त वाहक आहेत, ज्यांनी तीस-तीस वर्षं गर्दी हाताळली. निवृत्त परिचारिका आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचशे मुलांना रांगेत बसवणाऱ्या बाई आहेत. त्यांना कोणी विचारलेलंच नाही. एकदा विचारून तर बघा.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त बदललं, तिच्याकडे येते. ऑलिम्पिक संपल्यावर सतरा दिवसांनी पॅरालिम्पिक सुरू झालं. एक्सेलमध्येच बोच्चा हा खेळ होता. सेरेब्रल पाल्सी किंवा तशाच तीव्र अपंगत्वाच्या खेळाडूंचा हा खेळ. चामडी चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवायचे. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही, त्यांच्यासाठी उतरती पन्हळ असते आणि ती सरकवायला एक मदतनीस. पण त्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचंच नाही, असा नियम आहे. डाव ठरवायचा तो खेळाडूनेच. पन्हळ किती डावीकडे, किती वर, चेंडू कोणता, हे सगळं तो सांगणार, शब्दांनी नाहीतर डोळ्यांच्या खुणांनी. दालनात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि एक माणूस नजरेने सांगतो आहे: आणखी थोडं डावीकडे.

मदत कशी करावी याचा इतका नेमका धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावू नका. ती त्या माणसाच्या शरीराचा भाग आहे असं समजा. प्रश्न त्यालाच विचारा, सोबत आलेल्या माणसाला नव्हे. दिसत नसलेल्याचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरील. बराच वेळ बोलायचं असेल तर खाली बसा, म्हणजे त्याला मान वर करावी लागणार नाही. या चार-पाच गोष्टी आहेत. अर्ध्या तासात शिकवून होतात.

मग मी इथे परत आले आणि एका अपंग खेळाडूंच्या स्पर्धेला मदतीला गेले. पारितोषिकाच्या मंचाला उतार केलेला नव्हता. एका खेळाडूचं नाव पुकारलं गेलं आणि चार उत्साही मुलांनी तिला खुर्चीसकट उचललं. ती ‘खाली ठेवा, खाली ठेवा’ म्हणत होती. टाळ्यांमध्ये तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मुलं मनाने चांगली होती. त्यांना शिकवलेलं नव्हतं, आणि मंच बांधणाऱ्याला कोणी उतार सांगितलेला नव्हता. भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण १९७२ साली हायडेलबर्गला मिळवून दिलं ते सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकाने, पोहण्यात. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळायला २०२५ साल उजाडलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारीही सांगली जिल्ह्याचाच. ज्या मातीतून हे खेळाडू आले, त्या मातीतल्या स्पर्धेत मंचाला उतार नसावा, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. मला वाटली.

ऐकून घेण्याबद्दल मला तुमच्याशी जरा वेगळ्या वाटेने बोलायचं आहे. लंडनमध्ये पाळी संपताना आम्हाला विचारत, आज काय अडलं? सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळच्या सूचनांत आलेली दिसे. हे मला परकं वाटलं नाही, कारण ते मी लहानपणी आजीबरोबर वारीत पाहिलं होतं. माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरती होते. चोपदारांनी दंड उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिथले टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा करतात आणि त्यानंतर पुढचं होतं. लाखोंच्या मेळ्यात एका दिंडीचं गाऱ्हाणं रोजच्या रोज ऐकलं जाण्याची ही रीत आपल्याच लोकांनी घडवली आहे. तुमच्या स्पर्धेत टाळ वाजवत राहायची जागा कुठे आहे? मॅरेथॉनच्या त्या मुलीला संध्याकाळी कोणी विचारलं का, की बाई, आज तुझ्यापाशी काय घडलं? तिच्याकडे पुढच्या वर्षीच्या नियोजनासाठी लागणारी माहिती होती. ती माहिती घेऊन ती वसतिगृहात परत गेली.

पैशाचा आणखी एक मुद्दा, जो उघडपणे मांडला जात नाही. स्वयंसेवकाने काय करायचं नाही, हे आधी ठरवा. धावपटूंकडून प्रवेश शुल्क घेतलं जातं, प्रायोजक असतात, नफाही होतो. तिथे सफाई, सामान चढवणं-उतरवणं, रात्रभर मंडपाची राखण ही कामं मजुरी देऊन करून घ्यायची असतात. ती विद्यार्थ्यांच्या गळ्यात टाकली की एकीकडे मुलांची फसवणूक होते आणि दुसरीकडे रोजंदारीवरच्या माणसाचं त्या दिवसाचं काम जातं. लंडनला ऐन वेळी खासगी कंपनीकडून पुरेसे सुरक्षारक्षक मिळाले नाहीत, तेव्हा ३,५०० जादा सैनिक बोलावले गेले. तपासणीच्या यंत्रापाशी आम्हाला उभं केलं नाही. पाहुण्याचं स्वागत, वाट दाखवणं, धीर देणं, भाषेची मदत, खेळाडूची सोबत, हे स्वयंसेवकाचं काम. ते मनापासून केलं तर त्याला मोल लावता येत नाही. म्हणूनच ते फुकट मिळणाऱ्या मजुरीत मिसळू नका.

आठवणीबद्दल शेवटचं. सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये २००० सालच्या स्पर्धांचे खांब उभे आहेत, त्यांवर हजारो स्वयंसेवकांची नावं कोरलेली आहेत. लंडनच्या समारोपात आयोजन समितीचे अध्यक्ष सेबॅस्टियन को यांनी स्वयंसेवकांचा उल्लेख केला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. मी तेव्हा घरी टीव्हीसमोर होते, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, आणि मला रडू आवरलं नाही. तुमच्याकडून खांबाची अपेक्षा नाही. प्रमाणपत्रावर नाव बरोबर लिहिलेलं असावं, त्यावर केलेलं काम आणि तास लिहिलेले असावेत, आणि ते मागायला तीन-तीनदा कार्यालयात खेपा घालायला लागू नयेत. स्मरणिकेत प्रायोजकांच्या जाहिरातींसाठी पानं आहेत, एक पान यांच्या नावांना द्या.

हे सगळं आत्ताच का, असं विचाराल. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोत २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. पहिली स्पर्धा १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला झाली होती, म्हणजे ही शताब्दीची स्पर्धा. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने इरादापत्र दिलेलं आहे. अहमदाबाद मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिथे हजारो स्वयंसेवक लागतील आणि महाराष्ट्रातून मुलं मोठ्या संख्येने जातील, याबद्दल मला शंका नाही. दूरदेशीच्या बेटांवरून आलेले खेळाडू आणि त्यांचे आईवडील यांना भारत भेटणार आहे तो या मुलांच्या रूपाने. मोठी मैदानं बांधायला कंत्राटदार मिळतात. ऐन गर्दीत शांतपणे ‘थांबा, मी विचारून येतो’ म्हणणारी माणसं कंत्राटाने मिळत नाहीत. ती तुमच्या जिल्हा स्पर्धांत, तुमच्या मॅरेथॉनच्या वळणांवर तयार होणार आहेत किंवा तिथेच कायमची दुरावणार आहेत.

तुमच्यातल्या अनेकांना मी ओळखते. घरचं सोडून, पदरमोड करून, रात्र-रात्र जागून मैदानं आखणारे संघटक मी पाहिले आहेत. एखाद्या तालुक्याच्या गावी केवळ एका माणसाच्या चिकाटीवर वीस वर्षं खोखोची स्पर्धा चालली आहे, हेही मला ठाऊक आहे. तुम्ही स्वतः एकेकाळी स्वयंसेवकच होता. म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

तेव्हा एवढं करा. येत्या मोसमाच्या पहिल्या नियोजन बैठकीला गेल्या वर्षीच्या स्वयंसेवकांपैकी दोघांना बोलवा, त्यात एक मुलगी असू द्या, आणि त्यांना आधी बोलू द्या. स्पर्धेच्या अंदाजपत्रकात स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची वेगळी ओळ लिहा. मी माहितीच्या कागदाचा मराठी नमुना आणि अपंग खेळाडूंशी कसं वागावं याचं अर्ध्या तासाचं प्रशिक्षण तयार करून ठेवलं आहे. ज्या संस्थेला हवं असेल तिने या मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. शनिवार-रविवारी महाराष्ट्रात कुठेही येईन. प्रवासखर्च माझा मी करीन. मुलांना मात्र जमिनीवर बसवू नका, आणि पंखा चालू असू द्या.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक स्वयंसेवक
पुणे